घर पाहावे चालून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुनी माणसे सांगून गेली. दोन्हींत माणूस कर्जात बुडतो, हा त्यातला अनुभव. आम्ही मात्र गेल्या माघातील एका रविवारी घर बांधून नव्हे, चालून पाहिले. लोणावळा स्टेशन ते औंढे आणि औंढ्याहून भाजे, असा तो दिवस. बरोबर वस्तीतली अकरा माणसे, त्यांत चार शाळकरी मुले. त्या दिवशी जे दिसले आणि जे ऐकावे लागले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून आजचा हा लेख.

निमित्त घरचेच होते. आमच्या आत्याबाई औंढ्यात राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मुले पिंपरी-चिंचवडला कामाला. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेत त्यांनी घरकुलाचा अर्ज केला आहे. आमची पुतणी पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आत्याबाईंनी तिला निरोप धाडला, "स्लॅबचा नकाशा काढून दे." पोरगी म्हणाली, "काका, आजीला सांगा, आधी घरे पाहू, मग नकाशा काढू." तिच्या अभ्यासक्रमात 'प्रादेशिक आधुनिक वास्तुकला' असा एक भाग आहे. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे. विसाव्या शतकात सिमेंट, लोखंड आणि काच आली आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सारख्याच पेट्या उभ्या राहू लागल्या. तेव्हा काही वास्तुविशारद म्हणाले, आधुनिक सोयी हव्यातच, पण घराने आपल्या गावचा पाऊस, ऊन, दगड आणि माणूस ओळखला पाहिजे. अशा घरांची मुळे कोठे आहेत, हे पायी फिरून पाहायचे, असा बेत ठरला.

लोणावळ्याचे बंगले

सकाळी लोणावळ्यात उतरलो आणि जुन्या बंगल्यांच्या रस्त्याने निघालो. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि मुंबईच्या पैसेवाल्यांना येथे हवापालटासाठी येणे सोपे झाले. त्या काळच्या धर्तीचे बंगले अजून कोठे कोठे उभे आहेत. दगडी जोते, चहूबाजूंनी व्हरांडा, उतरते उंच छप्पर, त्यावर मंगलोरी कौले.

पुतणीने मुलांना विचारले, "बंगला हा शब्द कोठून आला?" कोणाला सांगता येईना. तो बंगालवरून आला. बंगालमधील शेतकऱ्याची उतरत्या छपराची झोपडी गोऱ्या साहेबाने पाहिली, तिला व्हरांडा जोडला, ती मोठी केली आणि तिचा बंगला झाला. पुढे इंग्रजांबरोबर तो जगभर गेला. मंगलोरी कौलही असेच. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. आपली नळीची कौले नुसती एकावर एक ठेवलेली असतात. मंगलोरी कौलाला खाच असते, ती शेजारच्या कौलात अडकते, म्हणून ते वाऱ्याने सहसा सरकत नाही. साहेबाचा म्हणून ज्याला आपण दबकून पाहतो, तो बंगला मुळात एका गरिबाच्या झोपडीचा नातू आहे, हे ऐकून आमच्या मुलांना मोठी गंमत वाटली.

याच लोणावळ्याच्या परिसरात नारी गांधी यांनी बांधलेली घरे आहेत. ती खाजगी असल्याने आम्ही कोणाच्या फाटकाशी गेलो नाही. पुतणीने पुस्तकांतील छायाचित्रे आणली होती, ती रस्त्याकडेच्या पारावर बसून पाहिली. नारी गांधी १९३४ साली सुरतेला जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि अमेरिकेत फ्रँक लॉईड राईट या नामवंत वास्तुविशारदाकडे राहून आले. शिकागोजवळच्या ओक पार्क गावात राईटची घरे पाहायला आजही लोक नकाशा हातात घेऊन रस्तोरस्ती पायी हिंडतात. घर जमिनीतून उगवल्यासारखे दिसावे, ही राईटची शिकवण. नारी गांधींनी ती आपल्याकडे आणली, पण राईटची नक्कल केली नाही. कचेरी थाटली नाही, कागदावर आराखडे क्वचितच काढले. जागेवर जायचे, गवंडी, सुतार आणि पाथरवट यांच्याबरोबर उभे राहायचे, हातात येईल तो दगड आणि वीट पाहून पुढचे ठरवायचे. लोणावळ्याच्या उतारावर त्यांनी दगड-विटांच्या कमानी अशा उभ्या केल्या की डोंगर कोठे संपला आणि घर कोठे सुरू झाले ते कळू नये. १९९३ साली ते गेले. अशा थोर माणसाने ज्यांच्या हाताच्या कसबावर भरवसा ठेवला, त्या कारागिरांची नावे मात्र छायाचित्रांखाली नव्हती. मुलांनीच ते लक्षात आणून दिले.

आत्याबाईंचा प्रश्न

दुपारी औंढ्यात पोहोचलो. आत्याबाईंनी इंद्रायणीचा भात, पिठले आणि ठेचा करून ठेवला होता. जेवता जेवता त्यांच्या घराचे निरीक्षण सुरू झाले. पुढे पडवी, आत माजघर, मागे चूल, बाजूला गोठा. दोन भिंती दगडमातीच्या, मागची भिंत कारवीच्या काठ्यांचा कूड विणून शेणामातीने लिंपलेली. वर आढे, वासे आणि कौले. पुतणी हरखून गेली. पडवीमुळे पाऊस दारात येत नाही, कौलांच्या फटीतून धूर आणि उष्ण हवा निघून जाते, हे ती मुलांना समजावू लागली. म्हणाली, "आजी, हे घर पाडू नकोस. मोठमोठे आर्किटेक्ट हेच शोधत फिरतात."

आत्याबाईंनी भाताची परात खाली ठेवली. "तू राहशील का गं चार महिनं ह्या कुडात?" त्यांनी विचारले. "दरसाल मिरगाच्या आदी कौलं शाकारायची कुणी? माकडं नाचत्यात, कौलं फोडत्यात. वर चढायला मानूस न्हाई. रातच्याला पाच ठिकाणी भांडी मांडते मी. आन् आख्ख्या गावात स्लॅब झाली. आपुन काय जलमभर कौलाखालीच ऱ्हायाचं?"

कोणीच काही बोलेना. आम्हांसही उत्तर सुचले नाही. जुने घर सुंदर आहे असे म्हणणारा बहुधा त्यात राहत नसतो. शिवाय आपल्या माणसांच्या मनात जुन्या घराबरोबर जुने गावही असते. गावकुसाबाहेरची जागा, पाण्याची अडचण, सणाला हात पसरणे. स्लॅब म्हणजे त्यांच्या लेखी नुसते छप्पर नाही. आता आम्ही कोणाच्या खाली नाही, असे सांगणारी ती खूण आहे. त्या भावनेला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. जुने ते सारे चांगले असेही नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती पुष्कळशी दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचे जड धाबे अंगावर कोसळून. मुळांचा अभिमान बाळगावा, पण ती आंधळेपणाने कवटाळू नयेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी. लोणावळ्याला वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा गावात सपाट स्लॅब काही वर्षांत पाझरू लागते. मग तिच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे छप्पर चढते. औंढ्याच्या वाटेवर अशी घरे आम्ही बोटांवर मोजत आलो आणि बोटे पुरली नाहीत. म्हणजे गरिबाने एकाच घरावर दोन छपरांचा खर्च केला. स्लॅबने मान दिला खरा, पण पाऊस अडवायला शेवटी उतरते छप्परच लागले.

आत्याबाई म्हणाल्या, "चला, मी बी येते भाज्याला. लय वर्सांत गेले न्हाई."

भाज्याच्या लाकडी फासळ्या

विसापूरच्या पोटातील भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील. धम्मबांधव तेथे वंदनेसाठी जातात, सहली जातात. आम्हीही अनेकदा गेलो आहोत. पण घर म्हणून ती कधी पाहिली नव्हती. पुतणीने सर्वांना चैत्यगृहात उभे केले आणि वर पाहायला सांगितले. दगडी छताला अर्धवर्तुळाकार लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. दगडाच्या छताला लाकडाच्या आधाराची गरज काय? काहीच नाही. पण त्या काळच्या सभागृहांची छपरे लाकूड वाकवून करीत आणि त्यावर गवत शाकारीत. दगड कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तीच छपरे होती. म्हणून त्यांनी दगडात लाकडाचे घर कोरले आणि वर खरे लाकूडही बसवले. ते सागवान दोन हजारांहून अधिक वर्षे तेथे आहे. दर्शनी बाजूला दगडात कोरलेले सज्जे, कठडे आणि पिंपळपानी कमानी आहेत. त्या काळची लाकडी माडीची घरे आज कोठेही उरलेली नाहीत. ती कशी होती, हे पाहायचे तर अशा लेण्यांकडेच यावे लागते.

आत्याबाई खांबांकडे पाहत होत्या. त्या चैत्यात साधे अष्टकोनी २७ खांब आहेत. "ह्ये खांब आत कललेलं का रं?" त्यांनी विचारले. खरोखरच ते सरळ नाहीत, आतल्या बाजूला झुकलेले आहेत. छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून लाकडी घरात खांब थोडे आत कलते रोवीत. दगडात त्याची जरुरी नव्हती, पण हाताची सवय उतरली, असे पुतणीने सांगितले. आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं गोठ्याच्या मेढी अशाच रोवल्या व्हत्या. म्हनायचा, सरळ रोवल्या तर छप्पर पाय फाकवतं." मुलांपैकी एकाने ते वाक्य वहीत लिहून घेतले. पुतणीनेही लिहून घेतले.

लेण्यासमोर उभे राहिले की इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे कार्ल्याचा डोंगर दिसतो. तेथले भव्य चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे. त्यातील प्राकृत लेखांविषयी आम्ही मुलांना थोडे सांगितले. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचा लेख त्या वास्तूला 'सेलघर' म्हणतो. सेल म्हणजे शिळा, आणि घर म्हणजे आपले घरच! आज आपण जो शब्द बोलतो तोच तेथे कोरलेला आहे. दुसऱ्या एका लेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वढकीने घराचे मुख, म्हणजे दार, केल्याचे नमूद आहे. वढकी म्हणजे सुतार. मावळातील लेण्यांच्या दानलेखांत नांगर धरणाऱ्याच्या कुटुंबाचेही नाव सापडते. नारी गांधींच्या घरांच्या छायाचित्रांखाली जे नव्हते, ते येथे दगडावर आहे. कारागिराचे नाव लिहावे एवढा मान त्याला त्या संघात होता.

सकाळपासून जे पाहिले ते येथे एका ओळीत उभे राहिले. साहेबाच्या बंगल्याचे मूळ बंगालच्या झोपडीत. चैत्याच्या कमानीचे मूळ वाकवलेल्या लाकडात आणि गवतात. नामांकित वास्तुविशारदाच्या भिंतींचे मूळ पाथरवटाच्या हातात. मोठ्या घराची मुळे दर वेळी कष्टकऱ्याच्या घराकडेच जातात. मग त्या कष्टकऱ्याने आपल्या घराची लाज का बाळगावी?

नकाशा

उतरताना पुतणीने बेलापूरची गोष्ट सांगितली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात नवी मुंबईत बेलापूर येथे एक वसाहत उभी केली. सात सात घरे आणि त्यांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांब-रुंद सामाईक अंगण. घरे उतरत्या छपरांची आणि साधी, गावच्या गवंड्याला बांधता येतील अशी. एकाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला जोडलेली नाही, त्यामुळे पैसा जमेल तसे शेजाऱ्याला न दुखवता घर वाढवता येते. गरीब आणि मध्यमवर्गीयांच्या भूखंडांतही फार तफावत ठेवली नाही, सारे भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरांत बसवले. पुढे अनेकांनी तेथली मूळ घरे पाडून मजले चढवले. काही जाणकार त्याबद्दल हळहळतात. आत्याबाईंना ते ऐकून आनंदच झाला. "म्हंजी पोरं मोठी झाली, घरं बी मोठी झाली. बरंच झालं की!" तेही खरेच आहे.

संध्याकाळी पडवीत बसून एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे नकाशा सुरू झाला. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे धरले आहे, म्हणजे २६९ चौरस फूट. पुतणीने तेवढेच माप घेतले. आत्याबाईंची पहिली अट, स्लॅब पाहिजेच. दुसरी, शाकारणी नको. तिसरी, न्हाणीघर आणि संडास घराला लागून. त्यांनी चौथी अट नंतर सांगितली. पडवी ठेवायची, कारण दुपारी बायका तेथे निवडटिपण करायला येतात.

मग तोडगा निघाला तो असा. मागच्या अर्ध्या भागावर स्लॅब, वर पाण्याची टाकी, वाळवणाला जागा आणि पुढेमागे खोली चढवायची सोय. पुढच्या खोलीवर आणि पडवीवर उतरते छप्पर. शाकारणीचा प्रश्न श्रीलंकेच्या जेफ्री बावा यांच्या युक्तीने सुटतो. हे त्या देशाचे मोठे वास्तुविशारद २००३ साली वारले. ते आधी सिमेंटचे पन्हाळी पत्रे घालीत आणि त्यावर कौले बसवीत. कौल फुटले तरी पाणी आत येत नाही, आणि कौलांमुळे पत्रा तापत नाही. त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असे, ते आरोग्याला घातक ठरले आहे, म्हणून आपण साधा लोखंडी पत्रा घ्यायचा. भिंतींसाठी लॉरी बेकर यांची रीत. हे इंग्रज गृहस्थ १९४५ साली भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात केरळात गरिबांची घरे बांधीत राहिले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची. त्यात सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीमुळे घर कमी तापते. मात्र हे काम माहीत असलेल्या गवंड्याकडूनच करून घ्यावे. जोते दोन फूट उंच आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर अडीच फूट बाहेर.

शेवटी आम्ही एकच भर घातली. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. याच मावळात तळेगाव दाभाडे येथेही त्यांचा बंगला होता. घर कोणासाठी आणि कशासाठी, हे त्यांनी आधी ठरवले, मग भिंती उभ्या केल्या. म्हणून आत्याबाईंच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली नातवंडांना अभ्यासाला बसता येईल असा दगडी कट्टा आणि भिंतीत पुस्तकांचा कोनाडा धरला. आत्याबाईंनी तो कोनाडा बोटाने मोजून पाहिला आणि म्हणाल्या, "थोडा मोठा कर."

वाचकहो, घरकुल अजून मंजूर व्हायचे आहे. पंचायतीच्या फेऱ्या चालू आहेत. नकाशा पास करताना नेहमीच्या चौकोनाचाच आग्रह होईल, हेही आम्ही जाणून आहोत. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी येत्या वर्षा-दोन वर्षांत बांधकाम निघेल. त्यांना एवढीच विनंती. ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी एक रविवार काढा. घरातल्या सर्वात वयस्कर बाईला बरोबर घ्या. आपल्या तालुक्यातील लेणे, जुना वाडा, बंगला, नवी वसाहत, जे जवळ असेल ते पायी पाहा. पाऊस कोणत्या बाजूने येतो, दुपारी सावली कोठे पडते, बाया कोठे बसतात आणि मुले कोठे वाचतात, हे तिला विचारा. तिचे उत्तर लिहून घ्या आणि मगच नकाशा काढायला सांगा.

आमची पुढची फेरी बेडसे लेण्याची आहे. आत्याबाईंनी आत्ताच बजावले आहे, "मला सोडून जाऊ नगा."